घरच्या जुन्या वस्तूंची पारख

प्रत्येक घरात वाडवडिलांपासून आलेले दोन प्रकारचे धन असते. पहिले जमीनजुमल्याचे. त्याची नोंद सातबाऱ्यावर होते, त्याच्या वाटण्या होतात, व त्याकरिता भाऊ भावाशी कज्जा करितो. दुसरे धन म्हणजे माळ्यावरचे गाठोडे, देव्हाऱ्यातील झिजलेले टाक, आजीच्या पेटीतील पुतळ्यांची माळ, तांब्याचे घंगाळ, कोणा पणज्याची तलवार अथवा लष्करातील पदक, आणि कापडात बांधून ठेविलेला मोडी कागदांचा रुमाल. या दुसऱ्या धनाची नोंद कोठेच नसते. ते कोणाचे, कोठून आले, किती पिढ्यांचे, हे घरातील एखाद्या वृद्ध माणसासच ठाऊक असते. आणि ते माणूस गेले म्हणजे वस्तू मागे राहते, परंतु तिची ओळख जाते.

आमच्या कोरेगाव भीमा व आसपासच्या गावांत हा प्रश्न आज विशेष निकडीचा झाला आहे. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले, जमिनीस भाव आला, आणि जुने माती-दगडांचे वाडे पाडून त्या जागी सिमेंटची घरे होत आहेत. यात वाईट झाले असे आमचे म्हणणे नाही. ओल आलेल्या भिंतींच्या आड राहून कोणी पूर्वजांच्या वस्तू सांभाळीत बसावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु वाडा पाडावयाचा ठरला की, शंभर-दीडशे वर्षांत भरलेला माळा एका दुपारी रिकामा करितात, आणि त्याच दुपारी भंगारवाल्याची गाडी दारात उभी असते. तांबे-पितळ वजनावर जाते, लाकूड जळणात जाते, कागद रद्दीत जातो. घरात चार पैसे आले याचा आनंद सर्वांस होतो. काय गेले हे कोणासच कळत नाही.

अशा वेळी घरातील माणसे जो प्रश्न विचारितात तो एकच असतो, "याचे किती येतील?" आमचे मत असे आहे की, हा प्रश्न चुकीचा नसला तरी पहिला नव्हे. पहिला प्रश्न "हे काय आहे?" असा असावयास पाहिजे, आणि तो सोनारास किंवा भंगारवाल्यास नव्हे, तर जाणत्या पारख्यास विचारिला पाहिजे. या लेखात आम्ही हीच गोष्ट पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडणार आहो.

परदेशांत ही पारख लोकांपर्यंत नेण्याची एक रीत पडून गेली आहे. इंग्लंडात बी. बी. सी. या संस्थेने १९७९ सालापासून दूरचित्रवाणीवर असा एक कार्यक्रम चालविला आहे की, ज्यात तज्ज्ञ मंडळी गावोगाव जातात, लोक आपल्या घरच्या जुन्या वस्तू घेऊन रांगेत उभे राहतात, आणि तज्ज्ञ ती वस्तू हातात घेऊन ती कोणी, कोठे, केव्हा केली हे सर्वांसमक्ष सांगतो. शेवटी तो तिची किंमतही सांगतो. पाहणाऱ्यांचे लक्ष बहुधा त्या शेवटच्या आकड्याकडेच असते, पण जो नीट पाहील त्यास असे दिसेल की, तज्ज्ञाचा पहिला प्रश्न नेहमी "ही तुमच्याकडे कशी आली?" हाच असतो. मालकास किमतीची घाई असते, पारख्यास वस्तूच्या जन्माची व प्रवासाची. या दोघांच्या संभाषणात खरे शिक्षण आहे, आणि ते शिक्षण आमच्या गावांत व्हावे अशी आमची इच्छा आहे.

किंमत, वजन आणि माहिती ही तीन मापे वेगवेगळी कशी आहेत, हे पुतळ्यांच्या माळेच्या उदाहरणाने सहज कळेल. आपल्याकडील पुष्कळ जुन्या घराण्यांत ही माळ असते. ती सोनाराकडे नेली तर तो तिला तराजूत घालील, कस पाहील आणि सोन्याचा भाव सांगील. त्याचे काम त्याने चोख केले. परंतु पुतळी हे मूळचे युरोपातील व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे. ते सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे असे, आणि व्यापाराच्या ओघात अरबी समुद्र ओलांडून ते आपल्या किनाऱ्यास लागले. त्याच्या एका बाजूस संत मार्क हा व्हेनिसच्या अधिपतीच्या हाती निशाण देत आहे व अधिपती गुडघे टेकून ते घेत आहे असे चित्र असते. दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी मूर्ती असते. नाण्यावरील या आकृतींवरूनच आपल्या लोकांनी त्यास पुतळी म्हटले. हे नाणे लोकांस इतके आवडले की, आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडिल्या, आणि त्या नकलांत लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आल्या. आता एखाद्या माळेतील पुतळ्या व्हेनिसच्या टांकसाळीतील आहेत की आपल्या सोनाराच्या हातच्या, हे पारखी भिंगाखाली पाहून सांगू शकेल. अस्सल असतील तर बाजारात त्यांस सोन्याच्या भावाहून अधिक किंमत येईल. पण नकला निघाल्या तरी काय बिघडले? कोणा अनामिक मराठी कारागिराने समुद्रापलीकडच्या नाण्याची आकृती पाहून ती आपल्या हाताने उठविली, आणि ती एका शेतकरी घरातील सुनेच्या गळ्यात शोभली, ही गोष्ट आम्हांस अस्सल नाण्याइतकीच मोलाची वाटते. मूस ही दोन्ही गोष्टी एकाच आंचेत वितळविते.

अज्ञानाने जसे खरे धन जाते, तसे खोट्या धनाचे लोभही लागतात. आमच्या गावात १८१८ हा आकडा लहान मुलासही पाठ असतो. यास्तव "ईस्ट इंडिया कंपनी, १८१८" अशी अक्षरे असलेले आणि वर राम-सीता अथवा मारुती यांचे चित्र असलेले एखादे तांब्याचे नाणे कोणाच्या हाती लागले की, हे लढाईच्या सालचे आहे, याचे लाखो रुपये येतील, अशी वार्ता पसरते. विद्यार्थ्यांनो, हे नाणेच नव्हे. कंपनी सरकारने राम-सीता अथवा मारुती यांची चित्रे असलेली अशी तांब्याची नाणी कधीच पाडिली नाहीत. १८१८ साली कंपनीच्या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती, आणि तिच्या रुपयावर त्या वेळीही दिल्लीच्या बादशहाचेच नाव असे. सर्व मुलखास एकच नाणे लागू झाले ते १८३५ साली, आणि त्यावर इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचे मुख होते. एवढे इतिहासज्ञान ज्याच्यापाशी आहे, त्यास कोणी फसवू शकत नाही. तीच गोष्ट 'राईस पुलर' नावाच्या थोतांडाची. तांदळाचे दाणे आपल्याकडे ओढून घेणारे जुने तांब्याचे भांडे परदेशात कोट्यवधी रुपयांस विकले जाते, असे सांगून तपासणीच्या खर्चाच्या नावाखाली भोळ्या माणसांपासून पैसे उकळण्याचा हा धंदा आहे, आणि त्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणी पोलिसांकडे गेल्या आहेत. तांब्याचे कोणतेही भांडे तांदूळ ओढीत नाही. जुनी वस्तू म्हणजे चमत्कार, ही समजूत ज्या घरात आहे, त्या घराचा दरवाजा ठकास उघडाच आहे.

आता खऱ्या वस्तूंकडे वळू. या आमच्या गावाचे नाव ज्यावर कोरलेले आहे अशी एक वस्तू जगात आहे, हे किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल? १ जानेवारी १८१८ रोजी येथे जी लढाई झाली, तिचा स्तंभ नदीपलीकडे पेरणे हद्दीत उभा आहे व त्यावरील नावे सर्वांनी पाहिली आहेत. परंतु १८०३ पासून १८२६ पर्यंतच्या लढायांबद्दल इंग्रज सरकारने १८५१ साली एक रुप्याचे पदक मंजूर केले. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची एक आडवी पट्टी असे, आणि त्या पट्ट्यांत खडकी, पुणे, सीताबर्डी, महिदपूर यांबरोबर कोरेगाव हेही नाव इंग्रजी अक्षरांत होते. लढाई होऊन तोवर तेहतीस वर्षे लोटली होती. जे शिपाई तोपर्यंत हयात राहिले त्यांसच ते मागता आले. यास्तव ही पट्टी असलेली पदके फार थोडी, आणि आज ती संग्राहकांस दुर्मिळ वाटतात. अशा पदकाच्या कडेवर ज्यास ते दिले त्याचे नाव घातलेले असते. पारखी प्रथम ती कड पाहतो. नाव घासून दुसरे कोरले आहे काय, पट्टी मागाहून जोडली आहे काय, आणि ते नाव सरकारच्या यादीत सापडते काय, हे तो ताडून पाहतो. दुर्मिळ वस्तूंच्या बनावट प्रती होतात, म्हणून ही सावधगिरी अवश्य आहे.

एवढ्या जुन्या पदकाची गोष्ट विरळा म्हणून सोडून दिली, तरी १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात आपल्या जिल्ह्यातून जे शिपाई गेले, त्यांच्या पदकांचे काय? त्यांपैकी एक पदक रुप्याचे असे, आणि त्याच्याही कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण ही बारीक अक्षरांत असत. ज्या घरी सनद नाही, इनाम नाही, लिहिता येणारे माणूसही नव्हते, अशा कितीतरी गरीब घरांत पूर्वजांचे नाव लिहिलेली वस्तू एवढीच. असे पदक अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे गेले, तर त्यापासून लेकराच्या पायांतील वाळे होतात व एका माणसाचे लिहिलेले नाव कायमचे पुसले जाते. यात घरच्या माणसांचा दोष नाही. कडेवर अक्षरे आहेत हेच त्यांस कोणी दाखविलेले नसते. जुन्या वस्तू म्हणजे केवळ सरदार-इनामदारांच्या घरची गोष्ट, असा जो समज आहे, तो यावरून चुकीचा ठरावा. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या आयुष्यात २०,००० हून अधिक वस्तू जमविल्या व आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने संग्रहालय उभारिले. त्यात अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, कुलुपे, दौती अशा सामान्य माणसांच्या रोजच्या वापरातील वस्तूंस मोठा मान आहे. पालकांनी मुलांस घेऊन ते एकदा अवश्य पाहावे. आपल्या घरी जे टाकाऊ म्हणून पडले आहे, तेच तेथे काचेच्या आड पाहून मुलांचे डोळे उघडतील.

मोडी कागदांचे महत्त्व तर वेगळे सांगावयास नको, परंतु त्यांची दैना सर्वांत अधिक. वाईच्या एका घराण्यात सापडलेल्या कागदांपासून वि. का. राजवाडे यांनी आपल्या कार्यास आरंभ केला, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढिला. पुढे गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची धूळ खाऊन त्यांनी ही माला २२ खंडांपर्यंत नेली. १९१० साली त्यांनी व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, आणि तेथे आज लाखो मोडी कागद सुरक्षित आहेत. यांतील बहुतेक कागद कोणा ना कोणा घरातूनच आलेले आहेत. राजवाड्यांच्या काळी निदान घरातील वडील माणसांस मोडी वाचता येत असे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती लिपी शाळांतून गेली, आणि आता घरात रुमाल आहे पण तो वाचणारे कोणी नाही, अशी स्थिती आहे. न वाचता येणारा कागद हा रद्दीच, असा व्यवहारी माणसाचा हिशेब होतो.

पारखी हा कागद कसा तपासतो, हे विद्यार्थ्यांस सांगण्याजोगे आहे. तो प्रथम कागद हाताचा की गिरणीचा, शाई कोणती, वळण कोणत्या काळचे हे पाहतो. मग तो तारखेकडे वळतो. पेशवाईतील पत्रांत शुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांनी लिहीत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. कोरेगावच्या लढाईच्या वेळचे दरबारी पत्र असेल तर त्यात 'समान अशर मयातैन व अलफ' असे वर्ष यावे. म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार मिळून १२१८, व त्यात ६०० मिळविले की १८१८. त्याबरोबर चंद्राची तिथी व वार दिलेले असतील, तर ते जंत्रीशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर नकलकाराची चूक झाली असेल, अथवा कागदच बनावट असेल. कोणी 'पेशव्यांचे पत्र' म्हणून दाखविले आणि त्यात इसवी सन इंग्रजी आकड्यांत निघाला, तर शहाण्या माणसाने तेथेच थांबून विचार करावा. यात जादू काही नाही. जो विद्यार्थी बेरीज करू शकतो व धीर धरू शकतो, त्यास ही विद्या येण्यासारखी आहे.

शेत नांगरताना अथवा पाया खणताना निघणाऱ्या वस्तूंविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा वस्तूंचे निम्मे ज्ञान ती जेथे सापडली त्या जागेत असते. आमच्याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उघडकीस आणिली. एका घराच्या जमिनीत मातीची एक लहान पेटी पुरलेली मिळाली. तिच्यात स्त्रीची एक मूर्ती होती. झाकणावर दुसरी एक मूर्ती व एक बैल होता. बैलाच्या पाठीस व त्या मूर्तीच्या पोटास भोके होती, आणि काडी घालून ती मूर्ती बैलावर बसविता येई. तीन हजार वर्षांपूर्वी आमच्या या मुलखातील कोणी कुटुंबाने आपली देवता घरात जपून पुरली होती! कच्च्या मातीच्या त्या मूर्तीस भंगाराच्या बाजारात एक पैसाही मिळाला नसता. पण ती जागच्या जागी, जाणत्या हातांनी उचलली गेली, म्हणून ती आज ग्रंथांत आहे.

याच्या उलट दायमाबादची कथा. प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यातील या गावी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास जमिनीत काशाच्या चार वस्तू मिळाल्या. बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा त्या असून सगळ्या मिळून ६० किलोंहून अधिक भरल्या. वजनावर विकल्या असत्या तर त्या गरिबास तेव्हा चांगली रक्कम मिळाली असती. त्या मोडीत गेल्या नाहीत, आणि आज देशाच्या संग्रहालयांत आहेत. परंतु त्या उत्खननात थराथराने निघाल्या नसल्यामुळे त्या हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातील की त्यानंतरच्या, यावर विद्वानांत मतभेद राहिला. थोर वस्तू, पण तिच्याभोवतीची माती बोलावयाची राहिली. म्हणून शेतात काही निघाले तर ते तेथेच राहू द्यावे व कळवावे, हाच उत्तम मार्ग. कायदाही तेच सांगतो. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास त्याची लेखी खबर कलेक्टरास द्यावी लागते. ते लपविणे हा गुन्हा आहे, आणि खबर देणाऱ्याचा हक्क कायद्याने मानिलेला आहे.

आता एका नाजूक गोष्टीस हात घालावयाचा आहे. पारख्याचे काम नेहमीच गोड नसते. तलवार अमक्या थोर पुरुषाने दिली, कागद अमक्या दरबारचा, नाणे शिवछत्रपतींच्या हयातीतील, अशा कथा घराघरांत असतात, आणि पारखी जर प्रामाणिक असेल तर त्यास अनेकदा "असे दिसत नाही" म्हणावे लागते. शिवराई नाण्यांचेच पाहा. ती छत्रपतींच्या नावाची खरी. परंतु आपल्याकडे सापडणाऱ्यांपैकी पुष्कळ त्यांच्या नंतर, पेशवाईत पाडिलेली आहेत. असे ऐकून घरच्यांस अपमान झाल्यासारखे वाटते. आम्ही म्हणतो, यात अपमान कसला? पेशवाईतील एखाद्या बाजाराच्या दिवशी तुमच्या पूर्वजाने त्या नाण्याने मीठ घेतले असेल, हे सत्य काय थोडे आहे? घराण्याची प्रतिष्ठा खोट्या कथेवर उभी असेल तर ती कधी ना कधी पडावयाचीच. खऱ्या लहान गोष्टीवर उभी असेल तर तिला कोणाचे भय नाही.

ही गोष्ट आमच्या परिसरात तर केवळ घरगुती राहिलेली नाही. जुन्या काळाविषयीच्या परस्परविरुद्ध कथांवरून माणसे कशी पेटतात, हे आम्ही १ जानेवारी २०१८ रोजी व त्यानंतर आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. शेजारी शेजाऱ्यास परका झाला, दुकाने जळाली, शाळेत एका बाकावर बसणारी मुले एकमेकांकडे पाहीनाशी झाली. त्या वादात कोणाची बाजू खरी, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. आम्ही इतकेच म्हणतो की, ज्या गावात जुना कागद हा काठीसारखा उगारला जातो, त्या गावातील मुलांस तो कागद वाचावयास, तपासावयास आणि न पटणारे सत्यही ऐकून घ्यावयास शिकविणे, हे शाळेचे कर्तव्य आहे. ज्यास पारख येते तो ऐकीव गोष्टीवर हात उचलीत नाही. तो आधी "दाखवा पाहू" म्हणतो. या दोन शब्दांत पुष्कळ शांती आहे.

आमच्या या म्हणण्यावर पालक काही आक्षेप घेतील, आणि ते निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की, वस्तू दाखविली तर सरकार ती घेऊन जाईल. प्राचीन वस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा १९७६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, व हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, हे प्राचीन गणले जाते. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा काही ठराविक वर्गांची नोंदणी करावी लागते, धंदा म्हणून खरेदी-विक्री करणाऱ्यास परवाना लागतो, आणि खाजगी माणसास अशी वस्तू परदेशी पाठविता येत नाही. परंतु नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे. नोंद झाली तरी वस्तू मालकाचीच राहते. उलट, नोंद व छायाचित्र असलेली वस्तू चोरीस गेली तर ती आपली म्हणून सिद्ध करणे सोपे जाते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. अभ्यासाकरिता म्हणून कागद नेले आणि परत केले नाहीत, अशी तक्रार अनेक जुन्या घरांत ऐकू येते. यास आमचे उत्तर असे की, आज मूळ कागद कोणाच्या हाती देण्याचे कारणच उरलेले नाही. मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र घेता येते. जो पारखी मूळ कागद घरी नेण्याचा आग्रह धरील, त्यास नम्रपणे नकार द्यावा. तसेच, जो वस्तूची किंमत सांगतो आणि त्याच श्वासात ती विकतही मागतो, त्याचे मत प्रमाण मानू नये. पारख करणारा व घेणारा हे एकच असता कामा नयेत.

यास्तव आमची सूचना अशी आहे. वर्षातून एक दिवस, दिवाळीच्या सुटीनंतर, शाळेच्या पटांगणात घरच्या जुन्या वस्तूंच्या पारखीचा दिवस ठेवावा. पुण्यातील संशोधन-संस्था व संग्रहालये येथून तीन-चार जाणत्या मंडळींस निमंत्रण द्यावे. एक नाण्यांचा, एक मोडीचा, एक धातूच्या वस्तूंचा व शस्त्रांचा. सोन्याचे दागिने आणू नयेत, त्यांची छायाचित्रे आणावी. प्रत्येक पारख्याच्या शेजारी नववीच्या वर्गातील दोन विद्यार्थी वही घेऊन बसावेत, आणि वस्तूचे माप, वजन, तिच्यावरील अक्षरे, घरच्यांनी सांगितलेली कथा व पारख्याचे मत या गोष्टी निरनिराळ्या रकान्यांत लिहाव्यात. कथा आणि मत यांचे रकाने निराळे असावेत, हे महत्त्वाचे. कारण दोन्ही जपण्यासारखी आहेत, पण एक नव्हेत. किमतीचा रकाना या वहीत नसावा. ज्यास किंमत हवी त्याने ती खुशाल बाजारात विचारावी. शाळेचे ते काम नव्हे. अशा दहा वर्षांच्या वह्या जमल्या म्हणजे या गावांचा असा इतिहास तयार होईल की, ज्यात पाटील, कुणबी, महार, मांग, माळी, मुसलमान, ख्रिस्ती या सर्वांची घरे शेजारी शेजारी असतील.

तो दिवस उगवेपर्यंत प्रत्येक घरात करण्याजोग्या काही गोष्टी आहेत. जुने नाणे वा पदक चिंच लावून घासू नये. चकाकी येते, पण अक्षरे व जुनेपणाची साय जाते. मोडी कागदांस चिकटपट्टी लावू नये, त्यांची प्लॅस्टिकमध्ये बांधणी करू नये. कोरड्या सुती कापडात ठेवावेत. देवाचे टाक झिजले म्हणून नवे घडविताना, जुने मोडण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे. आमच्या ख्रिस्ती घरांत आजोबांच्या वेळचे मराठी पवित्र शास्त्र असते. जुने पवित्र शास्त्र म्हणजे मोठ्या किमतीची वस्तू असे अनेकांस वाटते. ते बहुधा खरे नसते, कारण ते हजारोंनी छापले गेले. परंतु त्याच्या कोऱ्या पानावर कोणाचा जन्म, कोणाचा बाप्तिस्मा, कोणाचे लग्न व कोणाचे मरण कोण्या साली झाले, हे वाडवडिलांच्या हस्ताक्षरात लिहिलेले असेल, तर ते पान जगात दुसरीकडे कोठेच नाही. ते फाटण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवावी.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एकच काम सांगतो. या सुटीत आजीपाशी अथवा आजोबांपाशी वही-पेन्सिल घेऊन बसा. घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती, ती कोणी आणिली, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली, हे विचारा, आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा. त्यात चूक असेल तर पारखी पुढे दुरुस्त करील. परंतु जे लिहिलेच नाही ते कोणासही दुरुस्त करिता येणार नाही. पारखी पुण्याहून केव्हाही आणिता येईल. आजीस मात्र आजच विचारिले पाहिजे.